मुंबई बघताना मुक्काम कुठे?

मुंबई बघायची आणि खोली पार विरारला घ्यायची, तर भाड्यात वाचतं ते टॅक्सीत जातं, शिवाय रोजचे तीन तास लोकलमध्ये. गेटवे, वस्तुसंग्रहालय, फोर्ट सगळं दक्षिण मुंबईतच आहे. म्हणून सीएसएमटी किंवा चर्चगेटजवळच सोय बघा. कन्फर्म किंवा आरएसी तिकीट असेल, तर पीएनआर टाकून रेल्वेची रिटायरिंग रूम आयआरसीटीसीवर आरक्षित करता येते. एकट्यादुकट्याने आधी तिथेच चौकशी करावी. लॉज घेताना पैसे देण्याआधी खोली बघा: कडी नीट लागते का, पाणी कधी येतं? आणि चेक-आउट चोवीस तासांचं की सकाळी दहाचं, हे विचाराच. पहाटे सहाला उतरणाऱ्याला दहाचा नियम चांगलाच महागात पडतो.