सारसाची श्वासनलिका



गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांतून पहाटे सारस पक्ष्यांच्या जोडीची साद उठते, तेव्हा ती तुतारीसारखी दूरवर ऐकू जाते. या पक्ष्याला एवढा आवाज लाभतो कोठून? त्याचे उत्तर त्याच्या श्वासनलिकेच्या रचनेत आहे.

माणसाचे स्वरयंत्र श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला, गळ्यात असते. पक्ष्यांचे ध्वनियंत्र तिच्या तळाशी, जेथे तिच्या दोन शाखा होऊन फुप्फुसांकडे जातात, तेथे असते. त्यास ‘शब्दिनी’ म्हणतात. उच्छ्वासाच्या हवेने तिच्यातील पातळ पडदे थरथरतात व स्वर उमटतो. माणसाच्या श्वासनलिकेतील कूर्चेच्या कड्या मागील बाजूस उघड्या असतात; पक्ष्यांच्या कड्या पूर्ण गोल असतात. त्यामुळे लांब मान वळली तरी नळी सहसा मिटत नाही. लांब नळीत श्वासाची बरीच हवा वाया जाते खरी. परंतु पक्षी सावकाश व खोल श्वास घेऊन ती उणीव भरून काढतो.

सारसाच्या बाबतीत निसर्ग आणखी पुढे गेला आहे. त्याची श्वासनलिका मानेतून उतरल्यावर छातीच्या हाडाच्या पोकळीत शिरते, तेथे वेटोळे घेते आणि मगच फुप्फुसांकडे वळते. तंबोऱ्याचा भोपळा जसा तारेचा नाद भरीव करतो, तसे हे हाड स्वराला बळ देते, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे.

पिलाची श्वासनलिका मात्र सरळ असते व आवाज बारीक. वाढत्या वयाबरोबर वेटोळे तयार होते आणि आवाज भारदस्त होतो. म्हणजेच ती साद ऐकावयाची, तर पिलू मोठे होईपर्यंत जगले पाहिजे. सारसाची मादी बहुधा दोनच अंडी घालते. घरटे असते बोडीच्या पाण्यात किंवा उभ्या धानात. कीटकनाशके, विजेच्या तारा आणि आटत चाललेल्या पाणथळ जागा यांनी या पक्ष्याचे जीवित धोक्यात आणले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

न्यायालय आदेश देईल, शासन योजना आखील. परंतु घरट्याभोवतीचे चार हात धान काही दिवस न कापता राखणे शेतकऱ्याच्याच हाती आहे. तेवढे झाले, तर पुढील पिढीच्या कानांवरही ही साद पडेल.