रुळांच्या कडेची खडी

(रेल्वे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



या वर्गात आतापर्यंत महागाईभत्ता, निवृत्तिवेतन आणि खाजगीकरण या विषयांवर चर्चा झाली. माझ्याकडे आलेला विषय त्या मानाने लहान, आणि शब्दशः पायाखालचा आहे. रुळांच्या कडेला आणि दोन स्लीपरांमधल्या गाळ्यात खडी भरतात. ती कशासाठी भरतात, कशी भरतात आणि कोण भरतो, एवढेच मला सांगावयाचे आहे. आपल्यापैकी कोणी भुसावळचे आहेत, कोणी इटारसीचे, कोणी हुबळीचे. कित्येकांचे आयुष्य या खडीवर उभे राहण्यात गेले. तरीही तिच्यामागचे शास्त्र कामगाराला समजावून सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. त्याला हुकूम मिळतो, कारण मिळत नाही. आणि ज्याला कारण ठाऊक नाही, त्याला चुकीच्या हुकुमाला हरकतही घेता येत नाही.

प्रथम खडीविषयी. आपल्या रेल्वेवर यंत्राने फोडलेली, कठीण आणि धारदार कोपऱ्यांची खडी वापरतात. ती चाळणीतून तपासली जाते. ६५ मिलिमीटरच्या चाळणीवर शंभरात पाच भागांपेक्षा जास्त माल राहता कामा नये, ४० मिलिमीटरच्या चाळणीवर ४० ते ६० भाग राहिला पाहिजे, आणि २० मिलिमीटरच्या चाळणीवर किमान ९८ भाग. म्हणजे चुरी जवळजवळ नकोच. दख्खनच्या पठारावर ही खडी काळ्या पाषाणाची असते, इतर प्रदेशांत ग्रॅनाइटची किंवा तत्सम दगडाची. नदीतला गोटा चालत नाही. तो गुळगुळीत असल्यामुळे एकमेकांवरून घसरतो. धारदार कोपरे एकमेकांत अडकतात, आणि या अडकण्यावरच लोहमार्गाचे सारे स्थैर्य अवलंबून असते. शिवाय पाणी झिरपून निघून जाते आणि चाकांचा भार खालच्या मातीवर पसरून पडतो. स्लीपरखाली ३५० मिलिमीटरची गादी धरली, तर सरळ मार्गाला मीटरमागे दोन घनमीटरांहून अधिक खडी लागते. किलोमीटरचा हिशेब केला तर तो सुमारे तीन हजार टनांवर जातो. हे तीन हजार टन कोणी तरी फोडलेले, वाहिलेले, ओतलेले आणि पसरलेले असतात, हे ध्यानात असू द्या.

गादी भार पेलते, हे सर्वांना दिसते. गाळ्यातली आणि कडेची खडी काय करते, हे मात्र नवख्याला चटकन उमगत नाही. स्लीपरच्या टोकापलीकडे जो भराव असतो त्याला आपण खांदा म्हणतो. अखंड जोडलेल्या रुळांच्या मार्गावर हा खांदा सरळ भागात ३५० मिलिमीटर आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूस ५०० मिलिमीटर ठेवावयाचा असतो. वरवर पाहता त्यावर कसलाच भार नाही. मग कशासाठी एवढा दगड?

उत्तर उन्हात आहे. पूर्वी तेरा मीटरचे रूळ फिशप्लेटींनी जोडलेले असत. जोडात फट असे, उन्हाळ्यात रूळ वाढला की फट मिटे, आणि गाडीचा तो ओळखीचा खडखडाट या फटींमुळेच होत असे. आज रूळ वितळजोडाने अखंड केलेले आहेत. एक किलोमीटर रूळ मोकळा सोडला आणि तापमान २५ अंशांनी वाढले, तर तो जवळजवळ २९ सेंटिमीटरने लांब होईल. परंतु अखंड मार्गाच्या मधल्या भागात त्याला लांब होऊ दिले जात नाही. म्हणून ती वाढ दाबाच्या रूपाने पोलादात कोंडली जाते. ६० किलोच्या एका रुळात हा दाब दर अंशाला सुमारे १.९ टन भरतो. रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त करून बसविला, त्याच्यापेक्षा तो २० अंशांनी अधिक तापला, तर दोन्ही रुळांत मिळून ७६ टनांचा दाब उभा राहतो. हा दाब बाजूला वाट शोधतो. त्याला अडविणारी वस्तू म्हणजे स्लीपरचे वजन, क्लिपांची पकड, आणि गाळ्यातली व खांद्यावरची ही खडी. खांदा उतरला, गाळा रिकामा झाला, की मार्ग सापासारखा वळतो. असा वळलेला मार्ग तयार व्हायला काही सेकंद पुरतात, आणि पुढच्या गाडीच्या चालकाला तो दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

यावरून कामाच्या वेळेचा प्रश्न येतो, आणि तो मी जरा विस्ताराने मांडणार आहे. रेल्वेचे स्वतःचेच नियम असे सांगतात की अखंड रुळांच्या मार्गावर नेहमीच्या देखभालीचे काम ताणमुक्तीच्या तापमानापेक्षा रूळ १० अंशांहून अधिक तापलेला असताना करू नये, आणि ३० अंशांहून अधिक थंड असतानाही करू नये. समजा, आपल्या पट्ट्यात हे तापमान ४३ अंश आहे. मग रूळ ५३ अंशांवर गेला की खडी उकरणे थांबले पाहिजे. ६३ अंशांच्या पुढे उष्णकालीन गस्त सुरू झाली पाहिजे. हवेच्या तापमानापेक्षा उन्हातला रूळ सुमारे २० अंशांनी अधिक तापू शकतो, हे लक्षात घेतले तर विदर्भात, खानदेशात किंवा माळव्यात मे महिन्यात दुपारी ही मर्यादा ओलांडली जाणे मुळीच अवघड नाही. मग दुपारी दोनला गाळे उघडण्याचा हुकूम कसा निघतो? तो निघतो, कारण दुपारी गाड्यांची गर्दी कमी असते आणि ब्लॉक त्याच वेळी मिळतो. गाड्यांची वाढ झाली, देखभालीचा वेळ आकसला, आणि त्या आकसण्याची किंमत खडीवर उभ्या असलेल्या माणसाने द्यावी, असा हा सौदा आहे. म्हणून माझे म्हणणे असे की प्रत्येक टोळीला आपल्या पट्ट्याचे ताणमुक्तीचे तापमान पाठ असले पाहिजे आणि रुळावर लावायचे तापमापक मुकादमाच्या हाती असले पाहिजे. नियमाचे पुस्तक साहेबाच्या कपाटात शोभेसाठी नाही. ते आपले हत्यार आहे, आणि या बाबतीत तर ते पूर्णपणे आपल्या बाजूचे आहे.

आता कामाची रीत. जुन्या पद्धतीच्या सलग पॅकिंगचा क्रम बुजुर्ग गँगमनना तोंडपाठ आहे. आधी रस्ता उघडायचा, म्हणजे गाळ्यातली खडी काढून बाजूला घ्यायची. मग रूळ, स्लीपर, चाव्या तपासायच्या. तिरके झालेले स्लीपर सरळ करायचे, पहारी लावून मार्ग ओळीत आणायचा, गेज तपासायचा, स्लीपरखाली बीटरने खडी ठोकायची, जोडाखालचे स्लीपर पुन्हा ठोकायचे, आणि शेवटी खडी परत भरून खांदा बांधायचा. चौघे जण एका स्लीपरला लागत, पाठीला पाठ लावून, एकाच तालात. त्या तालाला गाणे असे. मुकादमाची हाक आणि टोळीचा प्रतिसाद. शहरी साहित्यिकांना त्यात लोककला दिसते. टोळीला त्यात श्वास मिळे, एवढे खरे.

लाकडी आणि ओतीव लोखंडी स्लीपरांच्या जागी सिमेंटचे आल्यावर हा क्रम मोडला. सिमेंटच्या स्लीपरला बीटर मारला तर त्याची कड फुटते, म्हणून तेथे बीटरला मनाई आहे. एका स्लीपरचे वजन पावणेतीनशे किलोंच्या आसपास, किलोमीटरला १६६० स्लीपर. हाताने हलविण्याची गोष्टच उरली नाही. त्यांच्यासाठी टॅम्पिंग यंत्रे आहेत. यंत्र मार्ग उचलून धरते, पोलादी दाते खडीत घुसवते, सेकंदाला ३५ वेळा कंप देत खडी स्लीपरखाली दाबते आणि पुढे सरकते. मार्क्सने यंत्राला साठविलेले, मृत श्रम म्हटले आहे. यंत्राला आमचा विरोध नाही, हे मी येथे स्पष्ट सांगतो. वयाच्या चाळिशीत कंबर मोडणाऱ्या त्या बीटरचा शोक करण्याचे आपल्याला काही कारण नाही.

परंतु यंत्राविषयी एक गोष्ट कामगारांपासून लपून राहते. टॅम्पिंग झाल्याबरोबर मार्ग दिसायला सुरेख होतो आणि नेमका तेव्हाच तो बाजूच्या दाबाला सर्वांत दुबळा असतो, कारण अडकून बसलेली खडी सैल झालेली असते. म्हणूनच वेगमर्यादा लावतात, आणि गाड्यांच्या जाण्याने किंवा स्थिरीकरणाच्या यंत्राने खडी पुन्हा बसेपर्यंत थांबतात. यंत्र पुढे निघून गेल्यावर रिकामे गाळे भरणे, घसरलेला खांदा चढविणे, हे काम फावडे, पंजा आणि घमेले घेतलेल्या माणसांचेच राहते. यंत्राचा वेग माणसांच्या संख्येला जुमानत नाही. मागची टोळी अपुरी असली की खांदा उद्यावर जातो, आणि उद्याचे ऊन कोणासाठी थांबत नाही.

फाटकांचा विचार वेगळा करावा लागतो. रस्ता रुळांवरून जातो तेथे दोन रुळांमधली जागा दगडी चिऱ्यांनी, सिमेंटच्या ठोकळ्यांनी किंवा रबरी पट्ट्यांनी भरून काढतात. येथे कौशल्य असे की रुळाला लागून आतल्या बाजूची फट भरायचीच नाही. चाकाची कड तेथून जाते. रुंद मार्गावर ही फट ५१ ते ५७ मिलिमीटर ठेवावी लागते आणि आतून रक्षक रूळ बसवितात. त्या फटीत बैलगाडीने आणलेला चिखल, ट्रकने सांडलेली वाळू आणि खडीचे तुकडे साचतात. ते दररोज उकरून काढावे लागतात. आणि भराव जितका घट्ट व सुबक, तितक्या त्याच्याखालच्या क्लिपा आणि रुळाचा तळ दृष्टीआड. ओल तेथे धरते, गंज तेथे चढतो. म्हणून फाटक ठराविक काळाने पूर्ण उघडून पाहिलेच पाहिजे. रस्त्याची वाहतूक अडते म्हणून हे काम पुढे ढकलण्याची वृत्ती सर्वत्र आढळते.

प्रदेशाप्रमाणे शत्रू बदलतो. काळ्या मातीच्या पट्ट्यात पावसाळ्यात खालचा चिखल गाडीच्या प्रत्येक दाबासरशी वर येऊन खडी लिंपून टाकतो. राजस्थानात वाळू भरते. खडी अशी बुजली की पाणी निघत नाही आणि गादी गादी राहत नाही. म्हणून साधारण दहा वर्षांतून एकदा ती खोलवर काढून चाळावी लागते.

आता हे सर्व करणारा माणूस. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८६३ साली बोरघाटाची वाट खुली झाली. त्या घाटात एके काळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीने, तापाने आणि सुरुंगाने किती मेले, याची नावनिशी कंत्राटदारांनी ठेवली नाही. कंत्राटदार आणि नोंद नसलेला मजूर ही जोडी तेव्हापासूनची आहे. १९७४ च्या ८ मे ते २७ मे या काळातील देशव्यापी संपात नैमित्तिक कामगारांना कायम करण्याची मागणी होती. ती त्या वेळी चिरडण्यात आली. पुढे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंदरपाल यादव खटल्यात प्रकल्पावरील नैमित्तिक मजुरांना क्रमाने सामावून घेण्याच्या योजनेला आकार दिला, आणि वर्षानुवर्षे खडी वाहणाऱ्या हजारोंना त्यामुळे नोकरीचा आधार मिळाला. न्यायालयापर्यंत हा प्रश्न कोणी नेला आणि त्यामागे किती मोर्चे होते, हे आजच्या तरुण ट्रॅकमनला माहीत असावे. कारण खडी टाकणे, गाळे भरणे, खांदा बांधणे ही कामे पुन्हा कंत्राटाने दिली जात आहेत.

आणि माणसे मरत आहेत. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात नोंदविले की २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मृत्यू पावले आणि सुमारे ८,७०० जखमी झाले. त्याच काळात गाड्यांच्या अपघातांतील मृत्यू एक हजाराच्या थोडे वर होते. वर्तमानपत्रांचे मथळे कशाला मिळाले, हे आपण जाणता. दुहेरी मार्गावर एका बाजूने गाडी येते म्हणून माणूस शेजारच्या मार्गावर सरकतो आणि तेथून दुसरी येते. धुके, घाटातले वळण, यंत्राचा आवाज, मान खाली घालून चाललेले काम. टेहळणीसाठी शिट्टी व झेंडा घेऊन वेगळा माणूस असलाच पाहिजे असा नियम आहे. टोळीत माणसे कमी पडली की त्याच्याही हातात फावडे दिले जाते. हे फावडे घेण्यास त्याने नकार द्यावा आणि युनियनने त्याच्या पाठीशी उभे राहावे.

गाडी जवळ येत असल्याची सूचना देणारे, अंगावर बाळगायचे ‘रक्षक’ नावाचे यंत्र रेल्वेने आणले. आपल्या शाखांनी प्रत्येक विभागात लेखी विचारावे: मंजूर किती, टोळीच्या हातात किती, त्यांतली चालू किती. त्याच पत्रात विचारावे की प्रत्येक टोळीची मंजूर संख्या किती आणि प्रत्यक्ष किती; मागच्या उन्हाळ्यात मर्यादेपेक्षा तापलेल्या रुळावर कितीदा काम झाले; कंत्राटदाराच्या मजुरांना मार्गावर उतरण्यापूर्वी कोणी आणि काय शिकविले, त्यांच्या अपघाताची नोंद कोणाच्या वहीत होते. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. कायम कामगार आणि कंत्राटी मजूर एकाच खांद्यावर खडी चढवीत असताना दोघांच्या सभा वेगळ्या भरविण्याची जी सवय आपल्या काही शाखांना लागली आहे, ती मला पसंत नाही.

तापमापक वाचण्याची आणि त्यावरून दाबाचा हिशेब करण्याची रीत दुपारच्या सत्रात फळ्यावर करून दाखविली जाईल. मुकादम आणि कीमन साथींनी आपापल्या पट्ट्याचे आकडे बरोबर आणावेत.