गाडीच्या एसीचा कुबट वास
रत्नागिरीत पावसाळ्यात सरासरी 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अशा दमट हवेत एसी लावताच कुबट वास आला, तर नुसतं अत्तर टांगून भागत नाही. डॅशबोर्डमागच्या थंड कॉइलवर हवेतल्या वाफेचं पाणी होतं, त्यात धूळ बसते आणि बुरशी धरते. म्हणून जवळच्या हातखंब्याहून रत्नागिरी शहरात येताना, घर पाच मिनिटांवर राहिलं की एसी बंद करा. पंखा मात्र जोरात ठेवा, बाहेरची हवा आत घ्या. कॉइल सुकते. केबिन फिल्टर काळा पडला असेल तर सरळ बदला. एसी चालू असूनही गाडीखाली पाणी ठिबकत नसेल, तर निचऱ्याची नळी तुंबलेली असू शकते. ती मेकॅनिककडून साफ करून घ्या. आणि ते पाणी आत झिरपून गालिचा ओला झालाय का, हे पायाखालचं मॅट उचलून चाचपून बघा.