गाणंही ऐकू, भांडणही करू



अध्यक्षाने चार गोड शब्द बोलून खाली बसावं, असा आपल्याकडचा रिवाज आहे. आज तो मी पाळणार नाही. आपल्या संगीतविश्वात एक भित्रेपणा शिरला आहे आणि त्याला आपण रसिकता म्हणू लागलो आहोत.

'कलाकाराने गावं, राजकारणावर बोलू नये.' मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत हे हमखास ऐकू येतं. आणि असं म्हणणारेच, कलाकार त्यांच्या पक्षाच्या बाजूने बोलला की कौतुकाने माना डोलावतात! त्यांचा राग कलाकाराच्या बोलण्यावर नसतोच, विरुद्ध बोलण्यावर असतो.

या दोषातून कोणताही पक्ष सुटलेला नाही. आणीबाणीत, 1976 साली, किशोरकुमारांनी सरकारच्या मनासारखं गायला नकार दिला आणि आकाशवाणीवरून त्यांची गाणी गायब झाली. 2013 साली लताबाईंनी पुण्यात नरेंद्र मोदी पंतप्रधान व्हावेत अशी इच्छा व्यक्त केली, तर मुंबई काँग्रेसच्या अध्यक्षांनी त्यांचं भारतरत्न काढून घेण्याची भाषा केली. 2018 साली समाजमाध्यमांवर गदारोळ उठताच कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांचा दिल्लीतला ठरलेला कार्यक्रम संयोजकांनी पुढे ढकलला. शेवटी दिल्ली सरकारने त्यांना दुसरं व्यासपीठ दिलं.

याच कृष्णांना 2024 च्या मार्चमध्ये मद्रास म्युझिक अकादमीने 'संगीत कलानिधी' पुरस्कार जाहीर केला आणि कर्नाटक संगीताचं घर दुभंगलं. कर्नाटक संगीतातल्या ब्राह्मणी वर्चस्वावर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं आहे, पेरियारांचा गौरव केला आहे. रंजनी-गायत्री या भगिनींनी निषेध म्हणून अकादमीच्या परिषदेतून आणि 25 डिसेंबरच्या स्वतःच्या मैफलीतून अंग काढून घेतलं. या भगिनी मुंबईत वाढलेल्या. त्यांचे अभंग ऐकून आपण डोळे पुसले आहेत. चित्रवीणा रविकिरण यांनी तर आपला कलानिधी परत केला. कृष्णांना द्यायच्या, एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या नावाच्या पुरस्काराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

या वादात मी कृष्णांच्या बाजूचा आहे. तरीही ठामपणे सांगतो, रंजनी-गायत्रींना अंग काढून घेण्याचा पूर्ण हक्क होता. त्यांनी नावानिशी, कारणं देऊन, स्वतःचं गाणं सोडून निषेध केला. नुकसान स्वतःचं केलं, दुसऱ्याचा गळा दाबा असं सरकारला सांगितलं नाही. मग आता मी त्यांचे अभंग ऐकणं बंद करू? मुळीच नाही! आणि तुम्ही त्यांच्या बाजूचे असाल तर कृष्णांचा राग-आलाप तुमच्यासाठी बेसूर झाला का?

'म्हणजे कलाकाराला सगळं माफ?' असं कोणी विचारेल. नाही. मत वेगळं आणि जुलमी सत्तेची चाकरी वेगळी. पाब्लो कासाल्स, आल्फ्रेड कोर्तो आणि झाक तिबो या वादकांचं त्रिकूट युरोपात गाजलेलं होतं. जर्मनीने फ्रान्स व्यापला, तेव्हा कोर्तोंनी जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी राजवटीत पद घेतलं, जर्मनीत जाऊन पियानो वाजवला. फ्रँकोच्या हुकूमशाहीमुळे स्वतःचा देश, स्पेन, सोडलेल्या कासाल्सनी ती मैत्री तोडली. बरोबरच केलं! 1958 साली फ्रान्समधल्या प्राद इथे ते दोघे पुन्हा एकत्र वाजवायला बसले, पण तिथवर पोचायला मध्ये बरीच वर्षं जावी लागली. मैत्री मोडायचीच तर अशा कारणासाठी मोडावी. कोणी कोणाला मत दिलं, एवढ्यावरून वीस-वीस वर्षांची साथसंगत तोडणाऱ्यांनी कासाल्सचं नाव घेऊ नये.

आता संयोजकांकडे वळतो. एका मंडळाच्या बैठकीत मी स्वतः पाहिलं आहे. कलाकारांची यादी टेबलावर होती. एका नावावर पेनाची रेघ ओढली गेली. कारण विचारलं, तर उत्तर मिळालं, 'देणगीदार नाराज होतील.' त्या गायिकेच्या सुरांबद्दल तिथे कोणी एक शब्द काढला नाही.

अशी रेघ ओढणाऱ्याने कारण लेखी द्यावं आणि खाली सही करावी, अशी माझी मागणी आहे. ठरलेली मैफल दबावाखाली रद्द करू नये. रसिकहो, कलाकाराचं मत पटलं नाही तर त्याला पत्र लिहा, लेख लिहा, चर्चेला बोलवा, कडाडून भांडा. त्यालाही उत्तर द्यावं लागेल. 'मी पडलो कलावंत' म्हणून त्याला सुटता येणार नाही. पण त्याच्या व्यासपीठाला कुलूप लावायला कोणी आलं, तर आपण त्या दारात उभं राहिलं पाहिजे. कलाकार आपल्या विरुद्ध मताचा असेल तर आधी उभं राहिलं पाहिजे.