चिकणा कोणता, तुपकडी कोणती?

(वनौषधी गोळा करणाऱ्या गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळा सरला की बांधावर, पडीक रानात, रस्त्याच्या कडेला चिकण्याची मुळं खणायचं काम निघतं. चिकणा म्हणजे आयुर्वेदातली बला. औषधासाठी मूळ लागतं ते हिचंच. पण त्याच बांधावर हिच्या बहिणीही उभ्या असतात. सगळ्यांना पिवळी फुलं, सगळ्यांची मुळं चिवट. एकदा मूळ तोडून वाळवलं, की कुठलं कुणाचं हे जाणत्या माणसालाही नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणून निवड रानातच करायची, झाड पाल्यासकट हातात असताना. आज मी एवढंच सांगायला उभी आहे.

पहिली गोष्ट, नावावर जाऊ नका. नाव गावागणिक बदलतं. तुपकडीलाही काही ठिकाणी चिकणाच म्हणतात. सहदेवी म्हटलं की एकीच्या डोळ्यांसमोर पिवळं फूल येतं, दुसरीच्या जांभळं, आणि ती जांभळी तर अगदी वेगळ्या घराण्यातली. तेव्हा नाव काहीही असो, खूण बघा.

आधी घराणं ओळखू. जास्वंद, भेंडी, कापूस, अंबाडी आणि चिकणा ही सगळी एका कुळातली. जास्वंदीच्या फुलात मधोमध दांडी असते ना, पुंकेसर जोडून झालेली? चिकण्याच्या बोटाच्या पेराएवढ्या फुलात तीच दांडी इवलीशी दिसते. आणि जास्वंदीला, कापसाला फुलाच्या हिरव्या वाटीखाली आणखी पानांची झालर असते, ती चिकण्याला नसते.

आता एकेक बघू.

चिकणा (बला). पान बदामाच्या आकाराचं, कडेला दाते. पानावर आणि खोडावर मऊ लव. बोट फिरवलं की मखमल लागते. फूल फिकट पिवळं. पिकलेलं फळ चोळलं की दहाएक फाका सुटतात आणि प्रत्येक फाकेला दोन लांब कुसळं असतात. ही कुसळं फळाच्या हिरव्या वाटीबाहेर डोकावतात. पक्की खूण हीच.

तुपकडी. पान अरुंद, लांबट, टोकदार, करवतीसारख्या दात्यांचं. हाताला जवळजवळ गुळगुळीत. पानं फांदीच्या दोन बाजूंना ओळीत बसवल्यासारखी. फुलाचा देठ आखूड. फाकांना टोकं असतात, पण बारकी. हिच्या फांद्या चिवट, झाडू बांधायला चांगल्या.

महाबला. पान शंकरपाळ्यासारखं. देठाकडचा भाग निमुळता आणि बिनदात्यांचा, दाते वरच्या अर्ध्या भागात. पानाची खालची बाजू राखाडी. फुलाचा देठ लांब, पानाच्या देठाच्या कितीतरी पुढे आलेला. तुपकडी आणि हिच्यात घोटाळा झाला तर फुलाचा देठ बघा.

भुईबला. पान चिकण्यासारखंच बदामी, म्हणून फसायला होतं. पण ही उभी राहत नाही, जमिनीवर पसरते. फुलाचा देठ दोऱ्यासारखा बारीक नि लांब. फळाच्या फाका पाचच, त्यांना कुसळं नाहीत.

मुद्रा, म्हणजे पेटारी. हीच अतिबला. झाड मोठं, फूल नारिंगी-पिवळं, दुपारनंतर उमलणारं. फळ दातेरी चाकासारखं, त्यात पंधरा-वीस कप्पे. एकदा फळ बघितलं की हिला कुणी विसरत नाही.

वनभेंडी. फूल गुलाबी, फळ लुगड्याला चिकटणारं. तिला बाजूलाच ठेवा.

आता कामाचं. फूल-फळ नसलेलं झाड खणू नका. पानावरून अंदाज येतो, खात्री फळावरून होते. खणल्यावर शेंडा लगेच तोडू नका. दोघींनी बघायचं, दोघींचं एकमत झालं तरच तोडायचा. प्रत्येक जुडीत फळासकट एक फांदी बांधून ठेवा आणि चिठ्ठीवर गाव, तारीख, गटाचं नाव लिहा. शंका आली तर ती जुडी वेगळी ठेवा. एका शंकेच्या जुडीपायी पोतंभर माल भेसळीचा ठरला, तर बाकीच्यांची मेहनतही त्यातच जाते. आणि ज्याच्या पोटात ते औषध जायचं, त्याला तर आपण दिसतही नाही.

मूळ काढलं की झाड संपलं. म्हणून बी पिकून झडल्यावरच खणा आणि दर ठिकाणी काही धडधाकट झाडं बियाण्याला राखा. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. त्यात ही झाडं आपल्या गावच्या नावांनी नोंदवून घ्या. खणायच्या आधी समितीशी आणि जागा ज्याची त्याच्याशी बोला.

एक इशारा. चिकण्यात एफेड्रिन नावाचं द्रव्य थोड्या प्रमाणात सापडतं. ते हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं. म्हणून ओळखता आलं, म्हणजे काढा देता आला असं नाही. गरोदर बाई, बीपीचा किंवा हृदयाचा पेशंट यांना तर वैद्याला, डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच देऊ नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने आपल्या शिवारातल्या यांपैकी जेवढ्या सापडतील तेवढ्या फांद्या, फुला-फळासकट, वर्तमानपत्रात दाबून आणा. सगळ्या एकत्र मांडू, आणि ज्या ताई आज आल्या नाहीत त्यांनी त्या ओळखून दाखवायच्या. तुम्ही शिकवलं तर त्यांना येईल.