युनिक्स यंत्राची जाळ्याशी जोडणी



मांडव्याहून लाँचने ज्या मुंबईस जावयाचे, तेथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र १९८६ साली आरंभिलेल्या एर्नेट या शैक्षणिक जाळ्यात सहभागी होते. युनिक्स यंत्र जोडण्याचा मूळ क्रम तेव्हापासून फारसा पालटलेला नाही. यंत्रास स्वतःचा आयपी पत्ता हवा. शेजार कोठवर, हे नेटमास्क सांगतो. बाहेरची वाट गेटवे दाखवितो. वाडीतली चिठ्ठी हातोहात जाते, परगावची टपालकचेरीतून, तसेच हे.

नवशिका मात्र जोडणी न साधताच सर्व पुसून पुन्हा मांडतो आणि मुलांचा तास वाया जातो. (यात त्याच्यापेक्षा पुस्तकांचा दोष अधिक.) त्याने ‘पिंग’ ही आज्ञा प्रथम गेटवेस द्यावी, उत्तर नसल्यास तार व नेटमास्क तपासावेत. मग दूरच्या एखाद्या आयपी पत्त्यास द्यावी. अंकास उत्तर येते, नावास येत नाही, तर दोष बहुधा ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ फाइलीतील नामसेवकाच्या ओळीत असतो.