नारळाचे पाणी, निर्माल्य आणि चामड्याला पर्याय

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. पदविका घेऊन सरकारी नोकरीत शिरलो, त्याला वीसेक वर्षे झाली. घर पेडण्यात आणि नोकरीची बरीच वर्षे डिचोलीत गेली. आजचा विषय आम्हांला पुस्तकात नाही, परसात सापडला.

काही वर्षांपूर्वी माडाच्या आळ्यात खत घालताना फावड्याला काहीतरी अडकले. ओढून काढले, तर बाबांची कचेरीत न्यायची रेक्झिनची पिशवी. टाकून पंधरा वर्षे तरी झाली असतील. शिवण उसवली होती, कड्या गंजल्या होत्या, पण रेक्झिन जसेच्या तसे. आई म्हणाली, "बाबा गेले, पण पिशवी काही गेली नाही." त्या वाक्याने आम्ही विचारात पडलो.

रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. तो पीव्हीसीचा असतो किंवा पॉलियुरेथेनचा. हल्ली दुकानात 'व्हीगन लेदर' म्हणून जे मिळते, त्यातले पुष्कळसे हेच असते. त्या शब्दाचा अर्थ जनावराचे कातडे नाही, एवढाच. ते मातीत मिसळेल असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. खऱ्या चामड्याचेही सगळे चांगले नाही. कोल्हापुरी चपलेचे कातडे परंपरेने हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावतात. पण आज जगातले बहुतेक कातडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते आणि त्याचे सांडपाणी नद्यांना जड जाते.

मग तिसरी वाट आहे का? आपल्याच देशात ती शोधणारे आहेत. कानपूरची 'फूल' ही संस्था देवळांतले निर्माल्य गोळा करून उदबत्त्या बनवते. तिथे पडून राहिलेल्या फुलांच्या ढिगावर बुरशीचा पांढरा, चिवट थर आलेला दिसला. त्याच बुरशीपासून त्यांनी चामड्यासारखे कापड तयार केले आणि त्याला 'फ्लेदर' नाव दिले. केरळात 'मलाई' नावाचा उद्योग आहे. नारळाच्या कारखान्यांत वाया जाणारे पाणी घेऊन त्यात ते विशिष्ट जिवाणू वाढवतात. जिवाणू पाण्यातली साखर खातात आणि दोन आठवड्यांच्या सुमारास वर सेल्युलोजची जाड साय धरते. तिच्यात केळीच्या खांबाचे वगैरे धागे मिसळून तिच्या पिशव्या आणि पाकिटे होतात.

नारळाचे पाणी म्हटल्यावर गोव्याच्या माणसाला कसे राहवणार? आम्ही आणि आमच्या सौभाग्यवतींनी घरी करून पाहिले. जेवणासाठी फोडलेल्या नारळांचे पाणी साठवले, साखर घालून उकळले आणि थंड केले. म्हापशाच्या बाजारातून घरगुती माडाचे व्हिनेगर आणले होते. त्याच्या तळाशी जी लिबलिबीत साय असते, ती या पाण्यात सोडली. भांड्याला फडके बांधले आणि पोरांना सांगितले, हात लावायचा नाही. सतराव्या दिवशी बोटभर जाड पांढरी चकती तरंगत होती. ती धुतली, उकळली आणि पाटावर सावलीत वाळवली. बोटभर चकतीची आंब्याच्या साटासारखी पातळ, तपकिरी पोळी झाली. सौभाग्यवतींनी तिचे छोटे पाकीट शिवले. आम्ही ते कचेरीत मोठ्या तोऱ्याने मिरवले.

आणि मग जून आला. आठ दिवसांत पाकीट ओले पडले, फुगले आणि त्यावर बुरशी धरली. सहकारी हसले. आम्हीही हसलो. पण या विषयाची खरी अडचण त्या पाकिटाने शिकवली. जे मातीत कुजते, ते पावसाळ्यात कपाटातही कुजू पाहते. ते थांबवायला वरून प्लास्टिकचा थर द्यावा, तर आपण पुन्हा बाबांच्या पिशवीपाशी येतो. परदेशात अननसाच्या पानांपासून 'पिन्याटेक्स' बनते, त्यालाही टिकण्यासाठी रेझिनचा लेप द्यावा लागतो. म्हणून 'फळापासून बनवलेले' एवढे ऐकून भुलू नये. खाली कापड कसले आहे, वर लेप कसला आहे आणि मातीत टाकले तर काय होईल, हे विचारूनच घ्यावे.

हवे तेवढे दिवस टिकावे आणि काम झाले की मातीला मिळावे, ही अपेक्षा फार मोठी आहे का? आपल्या मखरात बसलेली चिकणमातीची मूर्ती नेमके हेच करते. दीड दिवस असो की अकरा, ती भंगत नाही; पाण्यात गेली की विरघळते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती आली, स्वस्त आणि चकचकीत, आणि नद्यांच्या तळाशी तशीच राहू लागली. गोव्यात त्या मूर्तींवर बंदी आली आणि आपण मातीकडे परतलो. घुमटाचेही तसेच. पूर्वी त्याच्या तोंडावर घोरपडीचे कातडे चढवत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि हळूहळू बकऱ्याचे कातडे आले. जाणकारांनी नादातल्या फरकाबद्दल कुरकुर केली, पण आरत्या थांबल्या नाहीत. २०१९ साली तर सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले. सांगायचे एवढेच, की वस्तू कशाची केली हे बदलले म्हणून परंपरा बुडत नाही.

पेडणे आणि डिचोलीत कच्च्या मालाला तोटा नाही. काजूच्या हंगामात बोंडूचा रस काढल्यावर चोथ्याचे ढीग पडतात. पोफळीच्या विऱ्या कुळागरात गळतात. लग्नाच्या जेवणावळीत नारळाचे पाणी गटारात जाते. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा डिचोलीतल्या किती घरांची चूल मंदावली, हे आम्ही जवळून पाहिले. असा लहान उद्योग खाणीची जागा घेईल, असे आम्ही म्हणणार नाही. पण एखाद्या बचतगटाने आणि एखाद्या तंत्रनिकेतनाने मिळून पावसाळ्यात टिकणारा, प्लास्टिक नसलेला लेप शोधला, तर काही घरांना हातभार लागेल.

तोवर मंडळाने दोनच गोष्टी कराव्यात, ही विनंती. निर्माल्य देताना त्यातला नायलॉनचा दोरा, चमकी आणि थर्माकोल वेगळे काढावे. आणि पुढच्या वर्षी पाहुण्यांना रेक्झिनच्या फायलीऐवजी कापडाची पिशवी द्यावी.

राहता राहिले आमचे पाकीट. ते आम्ही त्याच माडाच्या आळ्यात पुरले होते. चतुर्थीच्या साफसफाईत उकरून पाहिले, तर फक्त शिवणीचा दोरा हाती लागला. तो नायलॉनचा होता.

गणपती बाप्पा मोरया!